गाळ्यात मावणारा खेळ

नवी मुंबईच्या पावणे एमआयडीसीतल्या टूलरूममध्ये माझी उभी हयात गेली. पिस्तुलाचा नाद मात्र त्या नोकरीहूनही जुना. घरात पिस्तुलं आहेत म्हटलं की पाहुण्यांचा आवाज खाली येतो आणि नजर कपाटाकडे जाते. म्हणून कायद्याचं आधी सांगतो. शस्त्र कायदा १९५९ चा. २०१९ च्या दुरुस्तीने परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. नामांकित नेमबाजांना वेगळी सवलत आहे. ही मर्यादा मला मनापासून पटते. कमरेला रिव्हॉल्व्हर लावून लग्नात मिरवणाऱ्यांशी आम्हा नेमबाजांचं काही नातं नाही.

माझा संग्रह एअर पिस्तुलांचा. छर्रा ४.५ मिलिमीटरपर्यंतचा आणि जोर २० ज्यूलपर्यंत असेल, तर २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार त्याला परवाना लागत नाही. आयात सोपी नसल्याने जुन्या नेमबाजांकडून, ओळखीपाळखीतून एकेक नग जमवत गेलो.

त्यातलं सगळ्यात लाडकं म्हणजे जर्मन फाइनवर्कबाऊ ६५. बाजूचा लांब लिव्हर मागे ओढून स्प्रिंग दाबायची. चाप ओढला की पिस्तुलाचा वरचा सगळा भाग रुळांवरून मागे सरकतो आणि स्प्रिंगचा धक्का तिथेच जिरतो. मनगटापर्यंत पोचतच नाही. ते रूळ ज्याने घासून बसवले त्या कारागिराला मी मनातल्या मनात कितीदा नमस्कार केला असेल! मग कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्यांची पिस्तुलं आली. स्प्रिंगचा धक्का गेला, पण उष्णता वाढली की वायूचा दाब वाढतो. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली सकाळी आणि दुपारी छर्रा एकाच जागी लागेल याची खात्री नसे. आज दाबलेली हवा भरलेलं स्टायर किंवा मोरिनी पिस्तूल वापरतात. यंत्र सुधारत गेलं तसं निमित्त सांगायला जागा उरली नाही. नेम चुकला तर हातच चुकला.

एअर पिस्तुलाच्या प्रकारात दहा मीटरवरच्या कागदावर दहा गुणांचं वर्तुळ असतं साडेअकरा मिलिमीटरचं. एका हाताने, कोपराला कसलाही आधार न घेता, पाऊण तासाहून जास्त वेळ उभं राहून साठ छर्रे मारायचे. नवखा माणूस लक्ष्याकडे बघतो. बघायचं असतं ते नळीच्या टोकावरच्या माशीकडे, म्हणजे नेम धरायच्या खुणेकडे. ती काळी, कोरीव दिसली पाहिजे आणि पलीकडचा काळा गोल धूसरच राहिला पाहिजे. हात हलतो, सगळ्यांचाच हलतो. त्या हलण्यातच चाप किमान पाचशे ग्रॅम वजनाच्या दाबाने मागे घ्यायचा, आणि छर्रा सुटल्यावरही हात क्षणभर तसाच धरायचा. शिकायचं आहे ते एवढंच, पण त्याला आयुष्य पुरत नाही.

कोल्हापूरच्या नेमबाज राही सरनोबतला म्हणूनच मी फार मानतो. तिचा प्रकार पंचवीस मीटरचा, खऱ्या काडतुसाचा. त्याच्या वेगवान टप्प्यात लक्ष्य तीन सेकंद समोर येतं. तेवढ्यात खाली धरलेला हात उचलून एकच गोळी मारायची. २०१३ मध्ये चांगवॉनला तिने विश्वचषकात सुवर्ण जिंकलं. पिस्तुलात हे करणारी ती पहिली भारतीय. पुढे कोपराच्या दुखापतीने तिचा हातच अडला. पिस्तूलवाल्याचं कोपर जाणं म्हणजे काय, हे आम्हाला विचारा. तरी २०१८ ला जाकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत थायलंडच्या मुलीशी बरोबरी झाल्यावर एक शूट-ऑफही बरोबरीत सुटला, आणि दुसऱ्यात राहीने सुवर्ण घेतलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय महिला! तिच्याच शाळेतली तेजस्विनी सावंत २००६ ला मेलबर्नहून राष्ट्रकुलची पदकं घेऊन आली, ते पाहून राही या खेळात आली होती. जवळचं कुणी तरी करताना दिसावं लागतं.

आपल्याकडे पनवेलला ऑलिंपियन सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे, मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. पण पावण्यातल्या कामगाराच्या मुलीने शाळा सुटल्यावर तिथे जायचं कसं आणि परतायचं कधी? दहा मीटरच्या रेंजला मैदान लागत नाही. एक लांबट गाळा, लक्ष्यामागे छर्रे अडवणारी भक्कम भिंत, चांगला उजेड आणि शिस्तीचा प्रशिक्षक एवढं पुरतं. एका लेनला मीटरभर रुंदी लागते. आमच्या औद्योगिक पट्ट्यात बंद पडलेले गाळे आहेत, धातूची नस ओळखणारे फिटर-टर्नर आहेत. खोल छिद्रं पाडणारी मशीन बनवणारी ठाण्याची प्रिसिहोल आज एअर रायफली बनवते, म्हणजे हे कसब आपल्या शेजारीच आहे.

नवी मुंबई महापालिका आणि एमआयडीसी यांनी मिळून पावण्यात असा एक गाळा या खेळाला द्यावा. माझा संग्रह मुलांना हाताळायला मी तिथे आणून ठेवीन, आणि संध्याकाळी शिकवायलाही येईन.