शोधयंत्रातील क्रमांक आणि संकेतस्थळाचे बिऱ्हाड

पावसाळा ओसरू लागला की गोव्यातील होमस्टे, लहान हॉटेले, जलक्रीडा व्यावसायिक आणि काजू-मसाल्यांचे विक्रेते हंगामाच्या तयारीला लागतात. या तयारीत आता रंगरंगोटीइतकेच संकेतस्थळालाही महत्त्व आले आहे. बुकिंग पोर्टलांना प्रत्येक आरक्षणामागे द्यावे लागणारे कमिशन वाचवायचे, तर ग्राहक थेट आपल्या दारी यायला हवा, आणि तो येतो बहुधा गुगलच्या शोधातून. याच गरजेवर बोट ठेवून ‘आमचे होस्टिंग घ्या, पहिल्या पानावर या’ अशी आश्वासने दिली जातात. त्यांत तथ्य किती, याचा विचार पैसे मोजण्यापूर्वी व्हायला हवा.

होस्टिंग म्हणजे संकेतस्थळाने भाड्याने घेतलेले बिऱ्हाड. त्या जागेचा क्रमवारीशी संबंध आहे, हे गुगलच्याच घोषणांवरून दिसते. पान उघडण्याचा वेग हा निकष २०१० मध्ये संगणकावरील शोधासाठी आणि जुलै २०१८ मध्ये मोबाइलवरील शोधासाठी लागू झाला. सुरक्षित जोडणी, म्हणजे ‘एचटीटीपीएस’, हा निकष २०१४ मध्ये आला. २०२१ मध्ये ‘कोअर वेब व्हायटल्स’ ही मोजमापे त्यात समाविष्ट झाली. पानावरील मुख्य मजकूर वा छायाचित्र अडीच सेकंदांच्या आत दिसावे, ही त्यातील एक अपेक्षा आहे. मात्र शोधणाऱ्याच्या प्रश्नाला पानावर चांगले उत्तर आहे की नाही, याला अग्रक्रम असल्याचे गुगल सातत्याने सांगत आले आहे. वेगाचा प्रभाव पडतो तो तुल्यबळ पानांमध्ये निवड करताना. त्यामुळे निव्वळ होस्टिंगच्या बळावर पहिल्या पानाची हमी देणारा विक्रेता आपल्या हाती नसलेली गोष्ट विकत असतो.

होस्टिंगच्या हाती नेमके काय असते? सर्व्हरने पहिला प्रतिसाद किती वेळात द्यावा, हे. हा अवधी ०.८ सेकंदांच्या आत असावा, असे गुगलचे मार्गदर्शन आहे. येथे अंतराचा प्रश्न येतो. प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने जातो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील सर्व्हर गोव्यापासून तेरा हजार किलोमीटरच्या आसपास आहे असे धरले, तर एका फेरीला किमान ०.१३ सेकंद लागतात. सुरक्षित जोडणी प्रस्थापित होऊन पहिला प्रतिसाद येईपर्यंत अशा तीन-चार फेऱ्या सहज होतात. म्हणजे अर्धा सेकंद केवळ प्रवासातच जातो. मुंबईतील सर्व्हरच्या बाबतीत हा खर्च नगण्य ठरतो. ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गुगलने २०१७ मध्ये आपल्या क्लाउड सेवेची केंद्रे मुंबईत सुरू केली. त्यामुळे जवळची जागा मिळणे आता दुर्मीळ राहिलेले नाही. ग्राहक मुख्यतः मुंबई, पुणे, बंगळुरू, दिल्लीचे असतील तर भारतातील सर्व्हर सयुक्तिक. ब्रिटन वा रशियातील पर्यटकांवर भिस्त असेल, तर पानांच्या प्रती जगभर ठेवणारी ‘सीडीएन’ सेवा अधिक उपयोगी.

दुसरा मुद्दा सातत्याचा. तात्पुरती दुरुस्ती चालू असताना सर्व्हरने तसा संदेश, म्हणजे ५०३ हा संकेत दिला, तर गुगल काही काळ थांबून पुन्हा येते. बंद दिवसेंदिवस लांबला, तर पाने सूचीतून गळू लागतात. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. सुमारे ३६ लाख संकेतस्थळे बंद पडल्याचा अंदाज नेटक्राफ्ट या संस्थेने तेव्हा वर्तवला होता. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता किंवा नव्हताच, अशा अनेकांची माहिती कायमची गेली. बॅकअप दुसऱ्या शहरात हवा, हा त्यातून मिळालेला धडा.

काही समजुती मात्र निराधार आहेत. इतर संकेतस्थळांसोबत सर्व्हर वाटून घेतल्याने क्रमांक घसरतो, असे नाही. शेजारी अतिगर्दी करून वेग खाऊ लागला तरच अडचण येते. सुरक्षितता प्रमाणपत्र महाग असले म्हणजे क्रमांक सुधारतो, हेही खरे नाही. ‘लेट्स एन्क्रिप्ट’चे विनामूल्य प्रमाणपत्र गुगलच्या दृष्टीने तितकेच ग्राह्य आहे. ‘एसईओ होस्टिंग’ या नावाने अनेक आयपी पत्ते विकले जातात. त्यांचा उपयोग बहुधा एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्या बनावट संकेतस्थळांचे जाळे विणण्यासाठी होतो, आणि गुगलच्या नियमांनुसार तो दंडनीय प्रकार आहे.

होस्ट बदलण्याआधी रोगाचे निदान करावे. गुगलचे ‘पेजस्पीड इनसाइट्स’ हे विनामूल्य साधन, पुरेशी वर्दळ असलेल्या संकेतस्थळांसाठी, गेल्या २८ दिवसांतील प्रत्यक्ष वापरकर्त्यांचा अनुभव दाखवते. विलंब सर्व्हरच्या पहिल्या प्रतिसादात असेल तर बिऱ्हाड बदलावे. कॅमेऱ्यातून थेट चढवलेल्या अवजड छायाचित्रांमुळे पान रेंगाळत असेल, तर जगातील सर्वोत्तम सर्व्हरही उपयोगाचा नाही. स्थलांतर करायचेच, तर ते जून-जुलैत करावे आणि नव्या जागी सर्व सुरळीत होईपर्यंत जुना सर्व्हर चालू ठेवावा.

करार करताना चार गोष्टी लेखी घ्याव्यात: डोमेनची नोंदणी एजंटाच्या नव्हे, व्यावसायिकाच्या नावे, पहिल्या वर्षाच्या सवलतीनंतरचा नूतनीकरणाचा दर, बॅकअप कोठे व किती दिवसांचा, आणि सेवा सोडताना सर्व माहिती हाती मिळण्याची हमी. यांपैकी पहिली अट सर्वांत महत्त्वाची. क्रमवारीतील स्थान त्या नावाशी जोडलेले असते. नाव दुसऱ्याच्या ताब्यात असेल, तर अनेक हंगामांत कमावलेले स्थान एका वादात हातचे जाऊ शकते. पर्यटन आणि व्यापार क्षेत्रांतील संघटनांनी या अटींचा मराठी व कोकणीतील साधा नमुना आपल्या सभासदांना दिला, तर एकट्यादुकट्या होमस्टेचालकाला विक्रेत्यासमोर बसताना मोठा आधार मिळेल.