जुना कारभारी

आमच्या घरात कारभारी दोन. एक मी, आणि दुसरा माझ्या संगणकातला. पहिल्याचे घरात कोणी ऐकत नाही, हे विवाहित वाचकांना सांगायला नकोच. दुसऱ्याचे मात्र वर्षानुवर्षे बिनतक्रार चालले होते.

त्याचे नाव टोटल कमांडर. संगणकातल्या फायली लावणे, हलवणे, पुसणे हे त्याचे काम. पडद्याचे उभे दोन भाग. डावीकडे एक फोल्डर उघडे, उजवीकडे दुसरे. कुठून उचलले आणि कुठे ठेवले, दोन्ही डोळ्यांसमोर. एफ-५ दाबले की नक्कल, एफ-६ दाबले की स्थलांतर, एफ-८ दाबले की विसर्जन! ही रीत मूळची नॉर्टन कमांडरची. जॉन सोचा यांनी तयार केलेला तो कार्यक्रम १९८६ साली बाजारात आला. सोलापुरातल्या एका गिरणीच्या हिशेबखात्यात असताना त्याच्यावरच माझा हात बसला. पुढे स्वित्झर्लंडच्या क्रिस्तियान गिस्लर यांनी १९९३ साली त्याच वळणाचा विंडोज कमांडर काढला आणि २००२ साली त्याचे टोटल कमांडर झाले. नाव बदलले, पण माझ्या बोटांना ते कळलेही नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल संपली. विंडोज ११ ला लागते ते आमच्या जुन्या यंत्रात नाही. पुण्याहून आलेले चिरंजीव म्हणाले, "बाबा, यंत्र धडधाकट आहे. लिनक्स घालून देतो. फुकट आहे."

मी म्हटले, घाल. सोलापूरच्या माणसाला भाषा बदलण्याचे भय नसते. पूर्व भागात तेलुगू, बाजारात कन्नड आणि घरी मराठी असे बोलत आम्ही लहानाचे मोठे झालो.

पण लिनक्समध्ये सी नाही, डी नाही. सगळा पसारा एकाच मुळाला लोंबलेला. एकत्र कुटुंबच म्हणा ना! इंग्रजी नावाचे पहिले अक्षर मोठे लिहिले तर एक फाईल, लहान लिहिले तर दुसरी. आपल्या देवनागरीत हा भेदच नाही, म्हणून मी मुकाट्याने मराठीत नावे देऊ लागलो. आणि कारभारी? टोटल कमांडर लिनक्ससाठी निघालेलाच नाही!

नव्या एकखिडकी कारभाऱ्याबरोबर पहिल्याच आठवड्यात घात झाला. माझ्या वडिलांची पत्रे मी एकेक करून स्कॅन करून ठेवली होती. मूळ कागद वाळवीने खाल्ले. उरले ते एवढेच. ते फोल्डर माऊसने ओढता ओढता बोट सुटले आणि पत्रे दिसेनाशी झाली. दोन तास मला घाम फुटला होता. शेवटी सापडली ती वीजबिलांच्या फोल्डरात! चूक माझीच. पण दोन खिडक्या असत्या, तर ती तिथल्या तिथे दिसली असती.

मी हट्टाला पेटलो. "मला माझा टोटल कमांडरच पाहिजे."

विंडोजचे कार्यक्रम लिनक्सवर चालवणारी वाईन नावाची सोय आहे. (नाव ऐकून सौभाग्यवतींनी डोळे वटारले.) चिरंजीवांनी तिच्यातून टोटल कमांडर चालवला. चालला, पण परगावच्या पाहुण्यासारखा. सगळ्या लिनक्सलाच तो 'झेड ड्राइव्ह' म्हणू लागला! मग डबल कमांडर आला. त्याच घाटाचा, फुकट, लिनक्सवरच वाढलेला. एफ-५, एफ-६ जागच्या जागी. हे दुखणे माझ्या एकट्याचे नव्हते तर! मेक्सिकोच्या मिगेल द इकाझा यांनी याच रीतीचा मिडनाइट कमांडर १९९४ सालीच काढला होता. तरी माझी कुरकुर थांबेना. रंग वेगळे, बटणांची रांग वेगळी. भाऊ असेल, पण तो नव्हे!

स्वयंपाकघरात चकल्या चालू होत्या. तिथून आवाज आला, "अहो, १९७८ साली मी विजापूरहून या घरात आले. माहेरी हळदीचा डबा चुलीच्या डाव्या अंगाला असायचा. इथे तो फडताळात, मिठाच्या बरणीमागे. सहा महिने माझा हात डावीकडेच जायचा. मी म्हटलं का कधी, माहेरचं फडताळ इथे आणून द्या म्हणून?"

"म्हणायचं होतंस."

"कुणाला? तुम्ही गिरणीत. आणि सासूबाईंना कसं म्हणणार?"

चकल्या पुन्हा कढईत पडू लागल्या. मी डबल कमांडर उघडला आणि वडिलांची पत्रे डावीकडून उजवीकडे, पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. एफ-५. बोटे आपोआप गेली. पण मन काही त्यात नव्हते. इतक्या वर्षांत हळदीचा डबा कुठे असतो हेदेखील मला ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून गॅसच्या डावीकडे एक फळी मारून घेतली.

"आता कशाला हे? आता हात तिकडेच बसलाय," ती म्हणाली. ऐन दिवाळीत भिंतीला भोके पाडली म्हणून बोलणीही खाल्ली.

भाऊबीजेला चहा मागायला आत गेलो. फळीवर हळदीचा डबा होता. मी काही बोललो नाही. एवढा कारभार मला अलीकडे समजू लागला आहे.