पारा, पाऊस आणि पुरावा

२९ मे २०२४ रोजी दुपारी दिल्लीच्या वेशीवरील मुंगेशपूर येथील स्वयंचलित हवामान केंद्राने ५२.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले. भारताच्या इतिहासातील सर्वोच्च तापमान म्हणून हा आकडा काही तासांतच लंडन, दुबई, न्यू जर्सीपर्यंत पोहोचला. पाठोपाठ नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राचा ५६ अंशांचा आकडा फिरू लागला. तो खरा असता, तर कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅलीचा ५६.७ अंशांचा जागतिक विक्रम जेमतेम पाऊण अंशावर आला असता. दोन्ही आकडे चुकीचे निघाले. मुंगेशपूरचा संवेदक सुमारे तीन अंश जास्त दाखवत होता आणि नागपूरचा संवेदक सदोष होता, असे हवामान खात्याने स्पष्ट केले. राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी नोंदवलेला ५१ अंशांचा राष्ट्रीय विक्रम जागच्या जागी राहिला.

मात्र चुकीचा आकडा जितका फिरला, तितका खुलासा फिरला नाही. दिल्ली आणि नागपूर त्या दिवसांत खरोखरच भाजून निघत होते. दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत त्याच दिवशी ४६.८ अंशांची नोंद झाली होती. पण एक आकडा खोटा निघाला की उरलेल्या खऱ्या आकड्यांवरचाही लोकांचा विश्वास डळमळतो. हवामानबदलाच्या चर्चेत हे नुकसान मोठे आहे. म्हणूनच विक्रम मोजणारी, त्यांची छाननी करणारी आणि प्रसंगी ते मोडीत काढणारी हौशी हवामान निरीक्षकांची जमात आज पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाची ठरते आहे.

नव्वद वर्षांचा विक्रम कसा पडला

ही मंडळी कोण? कोणी परसात पर्जन्यमापक बसवलेला निवृत्त शिक्षक, कोणी गच्चीवर स्वतःचे केंद्र उभारलेला संगणक अभियंता, तर कोणी जगभरच्या केंद्रांचे आकडे रोज चाळणारा अभ्यासक. कोस्टारिकाचे मॅक्सिमिलियानो हेरेरा यांनी देशोदेशीच्या तापमान-विक्रमांची जी यादी वर्षानुवर्षे सांभाळली आहे, तिचा आधार आता मोठमोठी वृत्तपत्रे घेतात. चेन्नईत ‘तमिळनाडू वेदरमॅन’ या नावाने लिहिणारे प्रदीप जॉन हे पेशाने हवामानशास्त्रज्ञ नाहीत. पण २०१५ च्या महापुरात असंख्य चेन्नईकरांनी त्यांच्या नोंदींवर भरवसा ठेवला.

या छंदाचे मोल कळण्यासाठी लिबियातील अल अझिझियाची कथा पुरेशी आहे. १३ सप्टेंबर १९२२ रोजी तेथे ५८ अंश तापमान नोंदवले गेले आणि पुढची नव्वद वर्षे ते पृथ्वीवरील सर्वोच्च तापमान म्हणून पाठ्यपुस्तकांत छापले गेले. अमेरिकेतील हवामान-इतिहासाचे अभ्यासक ख्रिस्तोफर बर्ट यांना त्यात काळेबेरे दिसले. आसपासच्या केंद्रांशी हा आकडा जुळत नव्हता. त्यांच्या पाठपुराव्यातून जागतिक हवामान संघटनेने चौकशी समिती नेमली. लिबियाच्या हवामान खात्यातील खालिद अल फदली यांनी मूळ नोंदवहीचे पान शोधून दिले. त्याच सुमारास लिबियात क्रांती भडकली आणि फदली यांच्याशी काही महिने संपर्कच तुटला. अखेर ते सुखरूप असल्याचे कळले आणि काम पुढे सरकले.

त्या पानाने सारे सांगितले. विक्रमाच्या दोनच दिवस आधी निरीक्षक बदलला होता. नव्या माणसाला त्या जुन्या पद्धतीच्या तापमापकाचा सराव नव्हता. तो आकडे चुकीच्या रकान्यात लिहीत होता आणि बहुधा मापकाच्या दर्शकाचे चुकीचे टोक वाचत होता. फरक सुमारे सात अंशांचा पडला असावा, असा समितीचा निष्कर्ष होता. सप्टेंबर २०१२ मध्ये, विक्रमाला नव्वद वर्षे पूर्ण होत असतानाच, तो रद्द झाला. हवामानाचे विक्रम फुगवण्यातच शास्त्रज्ञांना रस असतो, असा आरोप करणाऱ्यांनी ही कथा लक्षात ठेवावी.

ब्रिटनची सवय

आपल्यापैकी जे ब्रिटनमध्ये राहतात, त्यांना १९ जुलै २०२२ हा दिवस विसरता येणार नाही. लिंकनशरमधील कोनिंग्जबी येथे ४०.३ अंशांची नोंद झाली आणि या देशाने प्रथमच चाळिशी ओलांडली. तत्पूर्वीचा विक्रम होता केंब्रिजचा, २५ जुलै २०१९ रोजीचा ३८.७ अंश. कोनिंग्जबी हा हवाई दलाचा तळ असल्याने, विमानांच्या उष्ण झोतामुळे पारा चढला, असा आक्षेप लगेच निघाला. त्याला उत्तर एका केंद्राच्या बचावातून मिळत नाही. ते जाळ्यातून मिळते. त्या एका दिवशी देशभरातील चाळीसहून अधिक केंद्रांनी जुना विक्रम मागे टाकला होता. कोनिंग्जबी वगळले, तरी निष्कर्ष बदलत नाही.

याच देशाने उलट उदाहरणही घालून दिले आहे. जून २०१८ मध्ये स्कॉटलंडमधील मदरवेल येथे ३३.२ अंश नोंदवले गेले. तो स्कॉटलंडचा नवा विक्रम ठरणार होता. मात्र तपासणीत असे आढळले, की मापनकेंद्राच्या कुंपणालगत एक वाहन इंजिन चालू ठेवून उभे होते. हवामान खात्याने नोंद फेटाळली. तीन-दशांश अंशाचा विक्रम एका वाहनाच्या धुरात विरून गेला, पण त्यामुळेच पुढच्या विक्रमांना वजन आले.

ही शिस्त हौशी लोकांनीच रुजवली आहे. जॉर्ज सायमन्स यांनी १८६० मध्ये १६८ ठिकाणांच्या पावसाचे आकडे गोळा करून छापले. १९०० मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या निरीक्षकांची संख्या तीन हजारांवर गेली होती. त्यांत धर्मोपदेशक होते, डॉक्टर होते, जमीनदार आणि त्यांचे माळीही होते. त्यांच्या नोंदींचे कागद पुढे हवामान खात्याच्या दप्तरात पडून राहिले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा रेडिंग विद्यापीठाचे प्राध्यापक एड हॉकिन्स यांनी घरी बसलेल्या लोकांना हाक दिली. सोळा हजार स्वयंसेवकांनी सुमारे ६६ हजार पानांवरील ५० लाखांहून अधिक हस्तलिखित आकडे संगणकात उतरवले, तेही अवघ्या सोळा दिवसांत. परिणामी ब्रिटनच्या पावसाचा अधिकृत इतिहास १८३६ पर्यंत मागे गेला आणि १८५५ हे नोंदीतील सर्वांत कोरडे वर्ष असल्याचे उघड झाले. उद्या दुष्काळाचे नियोजन करणाऱ्या अभियंत्याला आता किती वाईट वर्ष गृहीत धरायचे, हे अधिक नेमकेपणाने कळते.

आकडे फसवतात कसे

विक्रम मोडणे ही स्वतःहून आश्चर्याची बाब नाही. केंद्र नवे असेल, तर पहिल्या वर्षी जो आकडा येईल तो विक्रमच असतो. हवामान मुळीच बदलत नसेल, तर दहाव्या वर्षी नवा विक्रम होण्याची शक्यता दहांत एक आणि शंभराव्या वर्षी शंभरांत एक. म्हणून ‘पाच वर्षांतील विक्रमी पाऊस’ आणि ‘शतकातील विक्रमी पाऊस’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अबुधाबी अमिरातीत अल ऐनजवळील खत्म अल शक्ला येथे एप्रिल २०२४ मध्ये एका दिवसाच्या आत २५४.८ मिलिमीटर पाऊस कोसळला. तो १९४९ पासूनच्या नोंदींतील सर्वाधिक ठरला. येथे ‘१९४९ पासून’ हे शब्द आकड्याइतकेच महत्त्वाचे आहेत.

याच गणिताची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. हवामान स्थिर असेल, तर उष्णतेचे आणि थंडीचे विक्रम दीर्घकाळात साधारण सारखेच मोडायला हवेत. अमेरिकेतील केंद्रांच्या नोंदी तपासून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की त्या दशकात उष्णतेचे विक्रम थंडीच्या विक्रमांच्या दुपटीने मोडत होते. तापमानवाढीचा पुरावा एखाद्या सनसनाटी आकड्यात नसतो. तो या ढळलेल्या तराजूत असतो. हा तराजू दाखवायचा तर हजारो केंद्रांच्या, दशकानुदशके विश्वासाने केलेल्या कंटाळवाण्या नोंदी लागतात.

मुंबई, मराठवाडा आणि ६५ मिलिमीटर

पावसाची गोष्ट तापमानाहून अवघड आहे, कारण पाऊस गल्लीगणिक बदलतो. २६ जुलै २००५ च्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्यात अवघा ७३. विहार तलावाच्या परिसरात तर हजार मिलिमीटरचा टप्पा ओलांडला गेला. दक्षिण मुंबईतील कचेरीत बसलेल्या माणसाला उपनगरे बुडत असल्याची कल्पना पावसावरून येणे शक्यच नव्हते. त्यानंतर मुंबई महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले.

अमेरिकेतील फोर्ट कॉलिन्स शहराने हाच धडा आठ वर्षे आधी घेतला होता. जुलै १९९७ मध्ये शहराच्या एका भागात ढगफुटीसदृश पाऊस झाला, पूर आला, पाच जणांचा बळी गेला. आणि शहराच्या दुसऱ्या भागात मात्र तुरळक सरी होत्या. पुढच्याच वर्षी कोलोरॅडो राज्य विद्यापीठातील नोलन डोस्केन यांनी नागरिकांनाच पर्जन्यमापक घेऊन मोजायला लावले. ‘कोकोराझ’ या नावाचे हे जाळे आज अमेरिका आणि कॅनडात पसरले असून त्यात हजारो स्वयंसेवक आहेत. साधन एकच: चार इंच व्यासाचा प्लॅस्टिकचा मापक. प्रशिक्षण सर्वांना समान आणि नियम एक: पाऊस पडला नाही तरी शून्य नोंदवायचे. त्या शून्यालाही शास्त्रज्ञ किंमत देतात.

महाराष्ट्रात ही बाब शास्त्रापुरती मर्यादित नाही, ती थेट शेतकऱ्याच्या खिशाशी बांधलेली आहे. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, तरच सरकारदरबारी ‘अतिवृष्टी’ ठरते. फळपीक विम्याची भरपाईही केंद्राच्या आकड्यांवर ठरते. ‘महावेध’ प्रकल्पातून राज्यात महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभी राहिली, ही मोठी सुधारणा आहे. पण एका मंडळात अनेक गावे असतात आणि केंद्र असते एका ठिकाणी. ज्याच्या शिवारात ढग फुटला, त्याचे गाव केंद्रापासून दहा किलोमीटरवर असेल, तर कागदावर तो दिवस साध्या पावसाचा ठरू शकतो. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात आणि सोलापुरात नद्यांनी शेते खरवडून नेली आणि राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे मदत पॅकेज जाहीर केले. एवढ्या मोठ्या रकमेची वाटणी ज्या मोजमापाशी जोडलेली असते, ते मोजमाप संशयातीत असले पाहिजे. संवेदक बिघडू शकतो, हे मुंगेशपूर आणि नागपूरने दाखवले आहे. फरक एवढाच, की राजधानीतल्या बिघाडाची चौकशी दुसऱ्या दिवशी सुरू होते. एखाद्या मंडळातील पर्जन्यमापकात पालापाचोळा अडकला, तर त्याची दखल घेणारा कोणी नसतो.

हौसेचे रूपांतर व्यवस्थेत

हौशी निरीक्षकांची येथे दुहेरी गरज आहे. एक, सरकारी केंद्रांच्या मधल्या मोकळ्या जागा भरण्यासाठी. दोन, त्या केंद्रांवर नजर ठेवण्यासाठी. शेजारच्या चार मापकांत ८० मिलिमीटर आणि सरकारी केंद्रात २० अशी तफावत दिसली, तर तपासणीची मागणी पुराव्यानिशी करता येते. पण त्यासाठी हौसेला शिस्त हवी. भिंतीला टेकवलेल्या तापमापकाचा किंवा झाडाखालच्या पर्जन्यमापकाचा आकडा कितीही चटकदार असला, तरी तो पुरावा होत नाही. भारतीय हवामान खाते पावसाचा दिवस सकाळी साडेआठला मोजते. मध्यरात्री ते मध्यरात्र मोजलेला आकडा त्याच्याशेजारी ठेवणे म्हणजे आंब्याची तुलना फणसाशी करणे होय.

भारतीय हवामान खात्याने जानेवारी २०२५ मध्ये दीडशे वर्षे पूर्ण केली. केंद्र सरकारने ‘मिशन मौसम’साठी दोन हजार कोटी रुपये मंजूर केले आहेत. रडार आणि महासंगणक यावेतच. पण प्रशिक्षित स्वयंसेवकांचे अधिकृत जाळे त्या खर्चाच्या मानाने जवळपास फुकट आहे. त्यांच्या नोंदी पीकविमा आणि मदतीच्या वादात पूरक पुरावा म्हणून ग्राह्य धराव्यात, अशी तरतूद राज्य सरकारने करायला हरकत नाही.

परदेशस्थ मराठी माणसालाही येथे काम आहे. गावच्या शाळेला संगणक देण्याची आपली परंपरा चांगलीच आहे; त्याच्या जोडीला एक प्रमाणित पर्जन्यमापक आणि नोंदवही दिली, तर मुलांना विज्ञान कळेल आणि गावाला साक्षीदार मिळेल. हे काम उत्साहाच्या पहिल्या पावसाळ्यापुरते नसावे. पर्जन्यमापकाची किंमत दहाव्या, विसाव्या वर्षी कळते.

तोवर किमान एवढे आपल्या हाती आहे: पुढच्या मे महिन्यात एखादा भयंकर आकडा फोनवर आला, की तो पुढे धाडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. केंद्र कोणते? शेजारची केंद्रे काय सांगतात? आणि तेथे नोंदी केव्हापासून आहेत? या तिन्हींची उत्तरे मिळाली, तर तो आकडा बातमी आहे. न मिळाली, तर खऱ्या उन्हात होरपळणाऱ्या आणि खऱ्या पुरात शेत गमावणाऱ्या माणसाच्या तक्रारीवर उद्या कोणी विश्वास ठेवू नये, याची ती तयारी आहे.