ज्ञानाच्या वेशीवर जकात

शास्त्रीय प्रकाशनाइतका विचित्र व्यवहार दुसरा क्वचितच आढळेल. संशोधकाचे वेतन व प्रयोगशाळेचा खर्च बहुतांशी जनतेच्या पैशातून होतो. शोधनिबंध संशोधकच लिहितो. तो तपासणारे तज्ज्ञही बहुधा विनामोबदला तपासतात. तयार माल मात्र खासगी प्रकाशकाच्या हाती जातो आणि विद्यापीठांची ग्रंथालये वर्गणी भरून तोच माल परत विकत घेतात. एल्सेव्हियरसारख्या कंपनीचा नफा उत्पन्नाच्या ३० टक्क्यांहून अधिक असतो, यात नवल ते काय?

यावर उपाय म्हणून २००२ साली बुडापेस्ट येथील जाहीरनाम्याने खुल्या प्रकाशनाचा पुरस्कार केला. बड्या प्रकाशकांनी त्यातूनही वाट काढली. वाचकाकडून घ्यावयाचे पैसे ते लेखकाकडून घेऊ लागले. ‘नेचर’ने २०२० साली एका लेखासाठी ९,५०० युरो, म्हणजे आठ लाखांहून अधिक रुपये, हा दर जाहीर केला. हे शुल्क ग्रंथालयाने भरावे, ही पद्धत आता रूढ होत आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९ मध्ये एल्सेव्हियरशी असलेला करार पुढे चालविण्यास नकार दिला. २०२१ मध्ये नवा करार झाला, त्यानुसार लेखामागे पहिले १,००० डॉलर ग्रंथालयाने द्यावयाचे ठरले; संशोधकाजवळ अनुदान नसेल तर सारेच शुल्क भरावयाचे ठरले.

भारत सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेस नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. ३० प्रकाशकांच्या सुमारे १३,००० नियतकालिकांसाठी तीन वर्षांत ६,००० कोटी रुपये खर्च व्हावयाचे आहेत. शिवाय लेखकांच्या प्रकाशनशुल्कासाठी वर्षाला १५० कोटींची तरतूद आहे. एका लेखास सरासरी २ लाख रुपये धरले, तर ही रक्कम ७,५०० लेखांत संपेल. देशातून दरवर्षी प्रसिद्ध होणारे शोधनिबंध २ लाखांहून अधिक आहेत.

अनुदानाविना काम करणाऱ्या प्राध्यापकाला या निधीचा आधार मिळेल, हा युक्तिवाद खोटा नाही. परंतु दर ठरविणारा एक, माल घेणारा दुसरा आणि पैसे भरणारा तिसरा, अशी स्थिती झाली म्हणजे दरावर कोणाचाच अंकुश राहत नाही. ग्रंथालयाची तिजोरी जितकी मोठी, तितका प्रकाशकाचा दर चढा. नावाने ते लेखकाला साहाय्य. वस्तुतः ते मक्तेदाराला अनुदान.

आणि वाचकाचे काय? योजनेच्या पहिल्या टप्प्यात सरकारी उच्च शिक्षण व संशोधन संस्थांचाच समावेश आहे. महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. त्याखाली उभ्या राहिलेल्या तालुक्याच्या वाचनालयातील वाचक या वर्तुळाबाहेरच आहे. कापसावरील किडीचे संशोधन त्याच्या करातून होते. ते वाचण्याचा हक्क मात्र त्याला नाही.

पर्याय अस्तित्वात आहे. ब्राझीलने १९९८ पासून ‘सायएलो’ हे व्यासपीठ सार्वजनिक पैशावर उभे केले. तेथील लेख वाचकास विनामूल्य मिळतात आणि त्यातील अनेक नियतकालिके लेखकाकडूनही शुल्क घेत नाहीत. १५० कोटी दरवर्षी प्रकाशकांच्या घशात घालण्यापेक्षा विद्यापीठांची व शास्त्रीय संस्थांची नियतकालिके सबळ करण्यासाठी का खर्च करू नयेत? त्यासाठी संपादकांना वेतन, छपाईपूर्व कामास मनुष्यबळ आणि बढतीच्या निकषांत या नियतकालिकांना मान, एवढे तरी तातडीने झाले पाहिजे.

जकातनाका वाचकाच्या दारातून उचलून लेखकाच्या दारात नेल्याने ज्ञान मुक्त होत नाही. नाकाच हटविला पाहिजे, आणि ही मागणी प्राध्यापकांच्या संघटनांइतकीच करदात्या श्रमिकांचीही आहे.