‘रेगाटा’त राजा नाही

१/ ‘रेगाटा’ हा शब्द ऐकला की शुभ्र शिडे, उंची पोशाख आणि राजघराण्याचा थाट डोळ्यांपुढे उभा राहतो. त्यातूनच एक व्युत्पत्ती सुचते : लॅटिन ‘रेक्स’ म्हणजे राजा, म्हणून रेगाटा म्हणजे राजेशाही नौकाविहार. ऐकायला गोड, पण निराधार.

२/ या शब्दाचे माहेर व्हेनिस, आणि व्हेनिस हे प्रजासत्ताक होते. तेथील प्रमुख, ‘दोजे’, निवडला जाई. १७९७ मध्ये नेपोलियनपुढे ते कोसळेपर्यंत तेथे सिंहासन नव्हते. मग नावाड्यांनी आपल्या चढाओढीला राजाचे नाव का द्यावे?

३/ एक मत ‘रिगात्तारे’ या क्रियापदाकडे जाते : चुरस करणे, घासाघीस करणे, किरकोळ विकणे. दुसरे ‘रीगा’कडे, म्हणजे नावांची ओळ. तिसरे लॅटिन ‘रेमिगियुम’कडे, म्हणजे वल्हवणे. अभ्यासकांत एकमत नाही. परंतु बाजार, ओळ आणि वल्हे यांत राजा कोठेच नाही.

४/ ‘रीगा’ वाचून मराठी ‘रेघ’ आठवेल. तोही मोह आवरावा. ‘रेघ’ संस्कृत ‘रेखा’पासून आली, ‘रीगा’चे मूळ जर्मानिक मानले जाते. नादसाम्य म्हणजे नाते नव्हे.

५/ शर्यतीचे स्वरूपही हेच सांगते. १४९३ मध्ये बेआत्रिचे देस्ते हिच्या स्वागतार्थ तेथे स्त्रियांनी वल्ही मारली. विजेत्याला मुकुट नव्हे, तांबडे निशाण मिळे. चौथ्याच्या वाट्याला परंपरेने जिवंत डुकराचे पिल्लू येई!

६/ इंग्लंडने शब्द उसना घेतला. २३ जून १७७५ रोजी थेम्स नदीवर गाजलेला रेगाटा झाला. हेन्ली येथील रेगाटा १८३९ चा. त्याला ‘रॉयल’ हे बिरुद प्रिन्स अल्बर्टच्या आश्रयामुळे १८५१ मध्ये लाभले. शब्दातच राजा असता, तर तो बारा वर्षांनी वरून चिकटवावा का लागला?

७/ हा वाद केवळ कोशातील नोंदीचा नाही. खोटी व्युत्पत्ती श्रमिकांची निर्मिती गुपचूप दरबाराच्या खाती जमा करते. इतिहास वाचणाऱ्याने शब्दाला आधी एवढेच विचारावे : तुला प्रथम कोणी उच्चारले? येथे उत्तर एकच येते : ज्यांच्या तळहातांना वल्ह्याचे घट्टे होते, त्यांनी.