परसदारचं गुऱ्हाळ : आरओची उलटी गंमत

गेल्या दिवाळी अंकात मेपलच्या झाडांना नळ्या ठोकण्याविषयी लिहिलं, तेव्हा दोघा-तिघांनी विचारलं, "अहो, पण एवढा रस आटवत बसायचं कोणी?" प्रश्न रास्त आहे. व्हरमाँटमध्ये रस येतो तो फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, तोही रात्री गोठलं आणि दिवसा वितळलं तरच. शनिवार-रविवार बघून तो येत नाही, आणि ऊन वाढलं की लवकर नासतो. उसाच्या रसात शेकडा 15-20 भाग साखर असते, मेपलच्या रसात जेमतेम 2. म्हणजे लिटरभर सिरपला सुमारे 43 लिटर रस.

चांगले दिवस लागले की आमच्याकडे 160 लिटर जमतो. परसातली कढई तासाला 15 लिटर पाणी उडवते. हिशेब करा, दहा तास! सकाळी ऑफिस गाठायचं असताना दोन हंगाम हे केलं. तिसऱ्या वर्षी झाडांना हातच लावायचा नाही, असं घरात जवळजवळ ठरलं होतं. मग आरओ बसवला.

पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरात असतो तोच हा आरओ. फरक एवढाच, की तिथे शुद्ध पाणी ठेवतो आणि उरलेलं मोरीत सोडतो. इथे उरलेलंच आपलं! मेम्ब्रेनमधून पाणी पार होतं, साखर अलीकडेच राहते. मी 150 गॅलनच्या तीन मेम्ब्रेन एकापुढे एक जोडल्या. पहिलीतून राहिलेला रस दुसरीत, तिथून तिसरीत. आधी 5 मायक्रॉनची गाळणी, मग बूस्टर पंप. रसाच्या शेवटच्या नळीवर घरगुती यंत्रातल्या ठरावीक अडथळ्याऐवजी बारीक व्हॉल्व्ह लावला. तो हळूहळू आवळत दाब 80 पौंडांवर आणायचा. सगळी करामत या व्हॉल्व्हची. कोळशाची गाळणी लागत नाही, कारण रसात क्लोरीन नसतं. म्हणूनच मेम्ब्रेन शहरी नळाच्या पाण्याने कधीही धुऊ नका, क्लोरीनने ती खराब होते. रसातूनच निघालेलं शुद्ध पाणी पिंपात ठेवा आणि काम झालं की लगेच त्याने धुवा.

मेम्ब्रेनच्या खोक्यावरचा आकडा मात्र खरा धरू नका. तो 25 अंशांच्या पाण्याचा असतो. बर्फाळ रसाला निम्मासुद्धा वेग मिळाला तरी पुष्कळ. यंत्र तळघरात ठेवलंय, कारण गोठलं तर मेम्ब्रेन गेलीच.

साधारण तीन तासांत 80 लिटर पाणी निघून जातं. आटवणं पाच तासांवर येतं, लाकूडही निम्मं लागतं. आता साडेदहाला चूल विझते आणि मुलंही शेवटपर्यंत जागी असतात.

पाणी आणखी काढता येईल, पण मी साखर 4 टक्क्यांवर आली की थांबतो. दाट रस पातळ रसापेक्षा लवकर नासतो, त्यामुळे त्याच संध्याकाळी चुलीवर चढवावा लागतो. शिवाय रंग आणि तो काकवीसारखा खरपूसपणा विस्तवच देतो, पंप नाही.