डिजिटल केबल घेताना

मंडळी, टीव्हीचा आवाज मोठ्या स्पीकरवर घ्यायचा म्हणून तालुक्याला दुकानात गेलात, की सोन्याचा मुलामा दिलेली भारी केबल पुढे येते. ‘आवाज गोड येईल,’ असे सांगतात. खिशात हात घालण्याआधी जरा ऐका.

डिजिटल केबलमधून जातात ते शून्य आणि एकचे इशारे. ते नीट पोचले की स्वस्त काय, महाग काय, आवाज तोच. केबल खराब निघाली तर गोडवा कमी होत नाही. आवाज तुटतो, कडकडतो, नाहीतर बंदच पडतो.

तेव्हा आधी टीव्ही आणि अँप्लिफायर, दोन्हींच्या मागे कोणते सॉकेट आहे ते पाहा आणि सुतळी धरून अंतर मोजा. ऑप्टिकल केबल तोशिबा कंपनीने १९८३ साली आणली. ती उजेडावर चालते. तिच्यातून वीज जात नाही, म्हणून अर्थिंगची घरघर तिच्या वाटेने येत नाही. पण करकचून वाकवलीत तर आतला तंतू मोडतो. पाच मीटरच्या आतच ठेवा. टोकांची प्लॅस्टिकची टोपणे काढायची, हेही पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही!

कोएक्सियल तार दणकट, फक्त ७५ ओहमची हवी. डिशची तारही तेवढ्याच ओहमची असते. तिला योग्य पिना बसवून घेतल्या तर काम भागते. वाचलेले पैसे घराच्या अर्थिंगला लावा, घरात लेकरे वावरतात.

सगळे जोडूनही आवाज आला नाही, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ निवडून पाहा.